नाव, पत्ता आणि शब्द : संगणकीय नामशोधाच्या दस्तऐवजांतील भाषाशुद्धीचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी या शाळेत व्याकरण शिकवीत. वाक्यातील एखादे 'च' किंवा 'ही' काढले तर अर्थ किती हलतो, हे ते खडूने फळ्यावर लिहून दाखवीत. तेव्हा त्यांच्या नावाने बोलताना मीही शब्दांविषयीच बोलणार आहे. हे शब्द मात्र काव्यातले नाहीत, बखरीतले नाहीत. संगणकांच्या जाळ्यात नावावरून पत्ता कसा शोधावा, हे सांगणाऱ्या तांत्रिक दस्तऐवजांतले ते शब्द आहेत. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर इतकेच, की गेल्या पन्नास वर्षांत अन्वयार्थाची जी अत्यंत काटेकोर आणि चिकाटीची कामे झाली त्यांपैकी एक या क्षेत्रात झाले आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल जवळजवळ घेतलेली नाही.

प्रथम विषयाची तोंडओळख करून देतो. आपण संगणकावर एखाद्या संस्थेचे नाव टाइप करतो. यंत्रांना एकमेकांशी बोलण्यासाठी नाव पुरत नाही. त्यांना आकड्यांचा पत्ता लागतो. नाव देऊन आकडे मिळविणे, किंवा उलट आकड्यांवरून नाव मिळविणे, म्हणजे नामशोध. हे काम करण्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना काही तयार फंक्शने उपलब्ध असतात. त्यांचा वापर कसा करावा, ती काय परत देतात आणि अपयश आल्यास काय सांगतात, हे मॅन्युअलच्या पानांवर लिहिलेले असते. आजचा विषय ही पाने आणि त्यांच्या पाठीमागे उभे असलेले नियमांचे दस्तऐवज हा आहे.

या दस्तऐवजांत दोन परंपरा आहेत आणि दोहोंचा स्वभाव निराळा आहे. पहिली आर.एफ.सी. या मालिकेची. तिचा पहिला लेख ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिला. मालिकेच्या नावाचा अर्थ 'अभिप्रायासाठी विनंती' असा आहे. आज्ञापत्रांना इतके नम्र नाव देण्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र या नम्र लेखांचा एक कठोर दंडक आहे : एकदा क्रमांक देऊन प्रसिद्ध झालेला लेख पुन्हा बदलत नाही. चूक आढळली तर शुद्धिपत्र निघते, नाहीतर नव्या क्रमांकाचा लेख जुन्याला रद्दबातल ठरवितो. जॉन पोस्टेल यांनी १६ ऑक्टोबर १९९८ रोजी झालेल्या निधनापर्यंत ही मालिका संपादक म्हणून सांभाळली. शिलालेख खोडता येत नाही, त्याच्या शेजारी दुसरा कोरावा लागतो. तशीच ही रीत आहे.

दुसरी परंपरा युनिक्स प्रणालीच्या मॅन्युअलची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तेव्हापासून प्रत्येक पानाचा साचा ठरून गेला : नाव, वापराची रीत, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, आणि शेवटी 'दोष'. हा शेवटचा मथळा मला फार आवडतो. आपल्या कृतीचे उणे आपणच, आपल्याच पानावर, ठरलेल्या जागी लिहून ठेवण्याची सोय आमच्या प्रबंधांत असती तर परीक्षकांचे बरेच श्रम वाचले असते. मॅन्युअलची पाने शिलालेखासारखी नाहीत. ती पोथीसारखी आहेत. प्रत्येक लेखनिक नक्कल करताना थोडे सुधारतो, थोडे बिघडवितो. म्हणून त्यांच्यात पाठभेद आढळतात, आणि पाठभेद म्हटले की माझ्यासारख्याचे कान टवकारतात.

आता इतिहासाकडे वळू. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर मोजकी यंत्रे होती. प्रत्येक ठिकाणी यंत्रांच्या नावांची स्वतंत्र यादी ठेवलेली असे आणि ती बहुधा शिळी असे. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आर.एफ.सी. ६०६ लिहून या प्रकाराला हास्यास्पद म्हटले आणि एकच अधिकृत यादी एका ठिकाणी ठेवून तिच्या नकला सर्वांनी घ्याव्यात, असे सुचविले. यादी ठेवण्याचे काम कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे आले. एलिझाबेथ फाइनलर या बाईंनी १९८९ पर्यंत त्या केंद्राची धुरा वाहिली. या जाळ्यावरील नावांचा कारभार दीर्घकाळ एका ग्रंथपालवृत्तीच्या स्त्रीच्या हाती होता, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात ठळकपणे सांगितली पाहिजे.

यादी आली की व्याकरण आले. फाइनलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आर.एफ.सी. ९५२ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर १९८५ मध्ये, नाव कसे असावे हे ठरले : जास्तीत जास्त चोवीस चिन्हे, त्यांत रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि टिंब, पहिले चिन्ह अक्षरच हवे, शेवटी रेघ किंवा टिंब नको. हा नियम वाचताना वृत्तलक्षणांची आठवण होते. पण व्यवहार लक्षणग्रंथांना जुमानत नाही. थ्रीकॉम या कंपनीचे नाव इंग्रजीत तीन या अंकाने सुरू होते, आणि १९८६ मध्ये त्या नावाची नोंदही झाली. ऑक्टोबर १९८९ च्या आर.एफ.सी. ११२३ ने अंकाने आरंभ करण्यास मोकळीक दिली आणि त्रेसष्ट चिन्हांपर्यंतची नावे हाताळणे बंधनकारक केले. ही सूट एका वाक्याची होती. पण तिच्यामुळे एक प्रश्न धारदार झाला : अंकाने सुरू झालेली अक्षरावली पुढ्यात आली तर तिला नाव मानावे की पत्ता? त्यावर त्याच लेखात सांगितले आहे, की नावाचा शोध घेण्यापूर्वी ती टिंबांनी विभागलेली पत्त्याची आकडेवारी तर नाही ना, हे रूपावरून तपासून पाहावे. या तपासणीकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

दरम्यान यादी आवरेनाशी झाली होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आर.एफ.सी. ८८२ आणि ८८३ लिहून नावांची श्रेणीबद्ध व्यवस्था मांडली. त्यात सर्व नावे एका वहीत नाहीत. प्रत्येक वंशशाखेने आपापली वही ठेवायची. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, त्यांनीच १०३४ आणि १०३५ हे सुधारलेले लेख लिहिले आणि आजची सगळी नामव्यवस्था त्या दोन लेखांवर उभी आहे. आधीच्या अनुभवावरून पुन्हा लिहिलेले म्हणून ते चांगले आहेत. तरीही पुढच्या कित्येक लेखांचा जन्म या दोन लेखांतील वाक्यांचा अर्थ लावण्यातून झाला. भाष्यकारांची इतकी मोठी पलटण तंत्रग्रंथामागे लागल्याचे उदाहरण विरळा.

पहिला घोटाळा 'उर्फ'चा. या व्यवस्थेत एक नोंद अशी असते, की अमुक नाव हे टोपणनाव असून त्याचे प्रमाण नाव तमुक आहे. या नोंदीला 'सी-नेम' म्हणतात. त्याचा विस्तार 'प्रमाण नाव' असा होतो. झाले असे, की व्यवहारात लोक नोंदीच्या डाव्या बाजूच्या नावाला, म्हणजे टोपणनावालाच, सी-नेम म्हणू लागले. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. 'कुसुमाग्रज' या नावापुढे 'पाहा : वि. वा. शिरवाडकर' अशी नोंद ग्रंथालयाच्या सूचीत असते. त्या पत्त्यावरील कुसुमाग्रज या शब्दालाच कोणी 'खरे नाव' म्हणू लागला तर सूचीकाराच्या अंगावर काटा येईल. रॉबर्ट एल्झ आणि रँडी बुश यांनी जुलै १९९७ च्या आर.एफ.सी. २१८१ मध्ये या गोष्टीची नोंद घेतली. टोपणनाव हे प्रमाण नाव खचितच नव्हे, असे त्यांनी बजावले. पण प्रयोग रुळला आहे हेही मान्य केले आणि वाचकाने कोणता अर्थ घ्यावा हे स्पष्ट केले. रूढीपुढे व्याकरणकार हरतो, पण हरताना नोंद करून ठेवतो. हा प्रामाणिकपणा मला पतंजलींच्या गोत्रातला वाटतो.

दुसरा घोटाळा एका शब्दाला तीन अर्थ चिकटल्याचा. प्रत्येक शाखेच्या वहीच्या मुखपृष्ठावर, म्हणजे अधिकारनोंदीत, 'किमान' नावाचा एक रकाना असतो. तेथे काही सेकंदांचा आकडा लिहायचा. तो कशाचा किमान? कोणी म्हणे, कोणतीही नोंद इतरांनी निदान एवढा वेळ लक्षात ठेवावी. कोणी म्हणे, ज्या नोंदीवर मुदत लिहिलेली नाही तिची ही गृहीत मुदत. आणि तिसरा अर्थ असा, की 'हे नाव नाही' हे उत्तर किती काळ खरे मानावे त्याची ही मर्यादा. मार्क अँड्र्यूज यांनी मार्च १९९८ च्या आर.एफ.सी. २३०८ मध्ये तिन्ही अर्थ समोर ठेवले, पहिले दोन बाद केले आणि तिसरा राखला. रकान्याचे नाव मात्र 'किमान'च राहिले. जो नवा मनुष्य शब्दावरून अर्थ काढील तो आजही फसेल.

याहून गहन प्रश्न 'नाही' या उत्तराचा आहे. नाव विचारले आणि उत्तर नकारार्थी आले, तर त्या नकाराचे किमान तीन प्रकार संभवतात : असे नावच अस्तित्वात नाही, नाव आहे, पण तुम्ही मागितलेली माहिती त्याच्यापाशी नाही, आणि नाव आहे की नाही ते मला आत्ता कळू शकले नाही. आपण दारावर कोणाची चौकशी केली तर 'असा माणूस इथे राहत नाही', 'राहतो, पण त्याच्याकडे फोन नाही' आणि 'घरात कोणी उत्तर देत नाही, नंतर या' ही तीन उत्तरे आपण एक मानणार नाही. यंत्राने मात्र ती पुष्कळदा एक मानली आहेत, आणि याला कारण मॅन्युअलमधील वाक्ये आहेत. येथे मी जरा थांबणार आहे, कारण पाठभेदांचा खरा मासला इथे सापडतो.

ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली. तिच्यात 'गेट-होस्ट-बाय-नेम' हे फंक्शन होते. प्रारंभी ते यादीची फाइल वाचत असे. पुढे ते नव्या नामव्यवस्थेला प्रश्न विचारू लागले. यादीच्या काळात नकाराचा एकच प्रकार होता : यादीत नाव नाही. नवी व्यवस्था आल्यावर नकारांचे प्रकार वाढले आणि त्यांच्यासाठी सांकेतिक नावे ठरली. त्यांपैकी एकाचा अर्थ 'माहिती नाही'. त्याचे वर्णन करताना बीएसडीच्या पानावर म्हटले आहे, की नाव वैध आहे पण त्याला पत्ता नाही. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न केल्यास उत्तर मिळेल, उदाहरणार्थ त्या नावासाठी टपाल स्वीकारणारे यंत्र नोंदलेले असू शकेल. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये याच ठिकाणी म्हटले आहे, की दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर मिळू शकेल.

'मिळेल' आणि 'मिळू शकेल'. भविष्यकाळ आणि शक्यार्थ. फरक एका क्रियापदाचा आहे, पण बीएसडीचे विधान तत्त्वतः चूक आहे. कारण या व्यवस्थेत अशी नावे असतात, की ज्यांच्यापाशी स्वतःची एकही नोंद नसते. त्यांच्या पोटी दुसरी नावे असतात, एवढ्यावरच ती अस्तित्वात मानली जातात. एखाद्या घराण्याचा मूळपुरुष वंशावळीत केवळ पुढच्या पिढीला जोडण्यासाठी लिहिलेला असावा, त्याच्याविषयी दुसरी एक ओळही माहीत नसावी, तसे. अशा नावाला कोणताही प्रश्न विचारा, उत्तर रिकामेच. ज्या प्रोग्रामकाराने 'मिळेल' या शब्दावर भरवसा ठेवून पुढची रचना केली त्याची रचना अशा नावापाशी अडखळणार. नोव्हेंबर २०१६ मध्ये आर.एफ.सी. ८०२० केवळ एवढे ठाम सांगण्यासाठी लिहावी लागली, की 'असे नावच नाही' या उत्तराचा अर्थ 'त्याच्या खालीही काही नाही' असाच घ्यावा. १९८७ च्या वाक्यांत ते पुरेसे ठसठशीत नव्हते, म्हणून एकोणतीस वर्षे लोक दोन्ही बाजूंनी अर्थ लावत राहिले.

दुसरा पाठभेद 'पुन्हा प्रयत्न करा' या संकेताचा. बीएसडीच्या पानाप्रमाणे त्याचा अर्थ असा, की स्थानिक सर्व्हरला अधिकृत सर्व्हरकडून उत्तर मिळाले नाही. लिनक्सच्या पानावर मात्र अधिकृत सर्व्हरवर तात्पुरता बिघाड झाला, असे म्हटले आहे. पहिल्या वाक्यात दोष कोणाचा ते सांगितलेले नाही. मधली तार तुटली असेल, वाटेत कोणी अडविले असेल. दुसऱ्या वाक्याने दूरच्या सर्व्हरच्या माथी दोष मारला. आता एखाद्या कार्यालयातील तंत्रज्ञ हे पान उघडून बसला आणि दोष पलीकडच्यांचा आहे असे समजून स्वस्थ राहिला, तर स्वतःच्या दारातली तुटलेली तार त्याला दिसणार नाही. येथे माझे मत स्पष्टपणे बीएसडीच्या बाजूने आहे. आधीच्या उदाहरणात लिनक्सचा पाठ सरस, या ठिकाणी बीएसडीचा. कोणतीही एक पोथी सर्वस्वी शुद्ध नसते, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र येथेही लागू पडते.

गेट-होस्ट-बाय-नेमच्या पानावर 'दोष' या मथळ्याखाली एक महत्त्वाची कबुली होती : उत्तर एका ठरावीक जागी ठेवले जाते, पुढचा प्रश्न विचारला की ते पुसले जाते, तेव्हा हवे असल्यास नक्कल करून घ्यावी. पाटीवरचे लिहिणे समजा. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रोग्रामांना ही पाटी पुरेना, आणि पत्त्यांचा नवा, लांब प्रकारही आला. म्हणून 'गेट-अ‍ॅडर-इन्फो' हे नवे फंक्शन १९९७ च्या आर.एफ.सी. २१३३ मध्ये आले, १९९९ च्या २५५३ मध्ये सुधारले आणि २००३ च्या ३४९३ मध्ये स्थिरावले. पॉझिक्स या प्रमाणग्रंथाने २००१ मध्ये जुन्या फंक्शनला कालबाह्य म्हटले आणि २००८ मध्ये ग्रंथातून काढून टाकले.

या नव्या फंक्शनबरोबर भाषेचा एक विलक्षण अपघातही आला. यंत्राचे नाव किंवा सेवेचे नाव, दोहोंपैकी निदान एक तरी दिलेच पाहिजे. दोन्ही दिली नाहीत तर चूक; आणि दिलेले नाव सापडले नाही तरीही चूक. या दोन अगदी भिन्न चुकांना एकच संकेत दिला गेला, आणि २५५३ मध्ये त्याचा खुलासा एका मोडक्या ओळीत केला गेला. मराठीत तिची घडण साधारण अशी होईल : 'यंत्रनाव ना सेवानाव दिलेले, किंवा ठाऊक नाही.' इंग्रजीत 'ना'च्या आधी जो पहिला 'ना' हवा तो गळाला आहे, आणि 'ठाऊक नाही' कोणाला, कशाविषयी, ते वाचकाने ताडायचे. ही ओळ लेखापुरती राहिली असती तर बिघडले नसते. पण कित्येक प्रणालींनी ती जशीच्या तशी उचलून चुकीचा संदेश म्हणून पडद्यावर दाखविली. नावातील एक अक्षर चुकवून बसलेल्या मनुष्याला यंत्र सांगू लागले, की तुम्ही नाव ना दिले! त्याने तर नाव नुकतेच टाइप केलेले. पॉझिक्सने आणि ३४९३ ने ही ओळ दोन स्वच्छ वाक्यांत फोडली : दिलेल्या माहितीवरून नावाचा पत्ता लागत नाही, अथवा दोन्ही नावे दिलेली नाहीत, निदान एक दिले पाहिजे. जुना मजकूर तरीही काही प्रणालींच्या पोटात राहून गेला. मूळ ग्रंथ शुद्ध झाला, नकला अशुद्ध राहिल्या.

'पाहिजे' या शब्दाचीही एक कथा आहे. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आर.एफ.सी. २११९ लिहून आज्ञार्थाच्या पायऱ्या ठरवून दिल्या : केलेच पाहिजे, करावे, करता येईल. हे शब्द मोठ्या लिपीत लिहिले की त्यांना नियमाचे बळ. मग वीस वर्षे वाद चालला, की लहान लिपीत लिहिले तर काय? मे २०१७ च्या आर.एफ.सी. ८१७४ ने निवाडा दिला, की मोठ्या लिपीतील शब्दांनाच तो विशेष अर्थ. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, तेव्हा आपल्याकडे हा खटला उभाच राहिला नसता. आपण 'च' या एका अक्षराने ते काम केले असते. अडचण एवढीच, की १०३४ आणि १०३५ हे लेख या व्यवस्थेच्या दहा वर्षे आधीचे. त्यांतील 'पाहिजे' आणि 'करावे' हे साध्या बोलण्यातले आहेत. त्यांवर मागाहून आलेल्या मोजपट्टीने बळ मोजणे हा काळविपर्यास होय, आणि तो आजही होतो.

लिनक्सच्या मॅन्युअलचे संपादन २००४ पासून पुढील बरीच वर्षे मायकेल केरिस्क यांनी केले. त्या पानांसाठी लेखनाचे नियम सांगणारे एक स्वतंत्र पान आहे. कोणता शब्द जोडून लिहावा, कोणता तोडून, याची त्यात यादीच आहे. यंत्रनाम हा इंग्रजी शब्द जोडून लिहावा, असा त्यात दंडक आहे. आमच्या शुद्धलेखन मंडळींना हे वाचून आपलेच नातलग भेटल्यासारखे वाटेल. अशा दुरुस्त्या एकेकट्या पाहिल्या तर क्षुल्लक दिसतात. त्यांची थट्टाही होते. पण एकच वस्तू दोन रूपांत लिहिली की वाचक त्या दोन वस्तू समजतो, आणि तंत्रग्रंथाचा वाचक समजल्याप्रमाणे लगेच कृती करतो.

शब्दांची किंमत सर्वांत महाग कोठे पडली, ते आता सांगतो. मघाशी जी तपासणी बाजूला ठेवली, म्हणजे पुढ्यात आलेली अक्षरावली नाव आहे की आकड्यांचा पत्ता हे रूपावरून ओळखण्याची, ती करणारा एक भाग लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या फंक्शनसंग्रहात होता. नोव्हेंबर २००० मधील २.२ या आवृत्तीपासून त्यात एक चूक होती : जागेचा हिशेब करताना एका घटकाची मोजदाद राहून गेली, आणि विशिष्ट प्रकारचे लांबलचक आकडेवजा नाव दिले तर ठरलेल्या जागेबाहेर चार किंवा आठ बाइट लिहिले जात. २१ मे २०१३ रोजी ही चूक दुरुस्तही झाली. पण ती सुरक्षेला धोका आहे हे कोणी ओळखले नाही. साधी दुरुस्ती म्हणून तिची नोंद झाली. ज्या प्रणाली दीर्घकाळ स्थिर ठेवायच्या असतात त्यांचे राखणदार फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या उचलतात. त्यांनी ही उचलली नाही. २७ जानेवारी २०१५ रोजी क्वालिस या कंपनीने हे छिद्र जाहीर केले, त्याला 'घोस्ट' असे नाव दिले आणि एका प्रसिद्ध टपाल-सर्व्हरवर बाहेरून ताबा मिळविता येतो हे सिद्ध केले. डेबियन, रेड हॅट, उबुंटू यांच्या त्या वेळी सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्या उघड्या होत्या. औषध वीस महिने कपाटात होते. बाटलीवरच्या चिठ्ठीत रोगाचे नाव नव्हते.

विशेष असे, की चूक जुन्या फंक्शनांच्या कुटुंबातली होती. त्यांना प्रमाणग्रंथाने २००८ मध्येच हद्दपार केले होते आणि मॅन्युअलचे पानही 'नवे वापरा' म्हणून सांगत होते. ग्रंथातून काढलेला शब्द वापरातून जात नाही, हे कोशकारांना नवे नाही.

अर्थांची ही गर्दी पाहूनच शेवटी या क्षेत्राने स्वतःचा परिभाषाकोश केला. डिसेंबर २०१५ मध्ये आर.एफ.सी. ७७१९, जानेवारी २०१९ मध्ये ८४९९ आणि मार्च २०२४ मध्ये ९४९९ अशा त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. दहा वर्षांच्या आत एका कोशाच्या तीन आवृत्त्या, आणि प्रत्येकीत काही शब्दांपुढे एकाहून अधिक व्याख्या सरळ मांडलेल्या. आपल्याला कोशाची ही जात परकी नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला गेला. त्या दोन्ही कोशांचा हेतू एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषांत प्रतिशब्द देण्याचा होता. ९४९९ चे काम निराळे आहे. तेथे शब्द एकाच भाषेतले आहेत. तंटा अर्थाचा आहे. त्या दृष्टीने त्याचे नाते कोशापेक्षा मीमांसेशी अधिक जवळचे.

आता या कथेत मराठी कोठे येते ते सांगून थांबतो. नावांचे जुने व्याकरण रोमन अक्षरांपुरते होते. मार्च २००३ मध्ये इतर लिप्यांतील नावांसाठी नियम झाले : मूळ लिपीतील नाव आधी स्वच्छ करायचे, मग त्याचे रोमन अक्षरांत सांकेतिक रूप करायचे आणि ते जुन्या यंत्रणेला द्यायचे. 'स्वच्छ करणे' यात डोळ्यांना न दिसणारी काही जोडचिन्हे गाळून टाकण्याचा नियम होता. दिसत नाही ते निरर्थक, असा त्यामागचा समज. पण देवनागरीच्या संगणकीय लेखनात मराठीचा अर्धचंद्रासारखा रफार, म्हणजे 'ऱ्य'मधला र, लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्ता असलेला ऱ वापरतात, तर दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे तेच अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दातून ते चिन्ह गाळले, की 'ऱ्य'चा 'र्य' होतो. व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी ही जोडी घोकली आहे : 'आचार्यास दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा दिली'. गुरू आणि स्वयंपाकी. तसेच 'दर्या' आणि 'दऱ्या'. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा. २००३ च्या नियमाखाली दुसऱ्या रीतीने लिहिलेला स्वयंपाकी गुपचूप गुरूच्या पत्त्यावर जाऊन पोहोचला असता, आणि कोणत्याही फंक्शनने चूक झाली असे सांगितले नसते.

ऑगस्ट २०१० मध्ये नियम नव्याने लिहिले गेले. पॅट्रिक फॉल्टस्ट्रोम यांच्या आर.एफ.सी. ५८९२ मध्ये ती अदृश्य चिन्हे सरसकट गाळण्याऐवजी संदर्भाने ग्राह्य धरली आहेत : हलन्तानंतर आले तर चालेल. एका अटीने मराठीचा एक भेद वाचला. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील '.भारत' ही शाखा हिंदी, मराठी, कोकणी यांसह आठ भाषांसाठी खुली झाली. ग्लिबसीने ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत २००३ चे नियम सोडून नवे स्वीकारले, आणि गेट-अ‍ॅडर-इन्फोच्या जुन्या नियमांसाठी असलेल्या दोन खुणा कालबाह्य ठरल्या.

अगदी वरच्या पातळीवरील, म्हणजे टिंबानंतर सर्वांत शेवटी येणाऱ्या नावांसाठी मात्र वेगळे आणि अधिक कडक नियम आहेत. त्यांत ही अदृश्य चिन्हे घेतलेलीच नाहीत. तेथे कोणाला 'ऱ्य' असलेले मराठी नाव नोंदवायचे असेल तर त्याने नुक्त्याच्या ऱ वाटे जावे लागेल.